शिडी, निसण आणि नसैनी

दिवाळीच्या तोंडावर आत्याकडे भोपाळला गेलो होतो. आतेभाऊ सरकारी नोकरीत, त्यामुळे राहणे तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये. 1956 साली भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाली आणि कर्मचाऱ्यांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. बैठी घरे, उंच छत आणि भोवती गर्द झाडी. 2024 साली पुनर्विकासासाठी ही झाडे तोडायचे घाटत होते, तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. जुने जपायची इथल्या माणसांची ओढ मला म्हणूनच फार आवडते. पण या वेळी गाठ पडली ती एका जुन्या शिडीशी!

साफसफाई चालली होती. आतेभावाने मागच्या अंगणातून ॲल्युमिनियमची शिडी आणली. तिचा एक उभा दांडा मध्येच तडकला होता. त्याने तो वेल्डिंग करून आणला होता. "आता पहिल्यापेक्षा पक्की झालीये," तो म्हणाला. माळ्यावर चढायचे होते कामाला येणाऱ्या बाईंना. त्या सागरकडच्या. त्यांनी पायरीवर पाय ठेवण्याआधी विचारले, "भैया, जा नसैनी पक्की है का?"

मी चमकलोच. नसैनी! आम्हां गोंयकारांची निसण ती हीच की! दोघींचे मूळ संस्कृत ‘निःश्रेणि’. कुठे सागर, कुठे आमचा समुद्रकाठ, पण शब्द एकाच घरचा. शब्दाचा आनंद ओसरला तेव्हा लक्षात आले, की बाईंच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही.

आमच्या घरी बांबूची निसण असे. पावसाळ्याआधी कौले चाळायला वडील तिच्यावर चढत. एखादी पायरी मोडली तर ते नवी घालत, पण उभा बांबू चिरला की दोरी बांधून वेळ मारून नेत नसत. निसण सरळ न्हाणीच्या चुलीत जाई. आई हळहळे. वडील म्हणत, "पायरी मोडली तर माणूस एक पायरी खाली येईल. दांडा मोडला तर निसणच खाली येईल."

ॲल्युमिनियमचे तर त्याहून कठीण. शिडीसाठी वापरतात त्या मिश्रधातूला ताकद येते ती कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेने. वेल्डिंगच्या आचेने सांध्याशेजारचा धातू पुन्हा मऊ पडतो. सांधा जाडजूड दिसतो, आणि त्याच्या बाजूलाच कच्ची जागा तयार होते. शिडीचे रबरी बूट, नट-बोल्ट, लाकडी शिडीची एखादी पायरी हे नीट बदलता येते. उभ्या दांड्याची दुरुस्ती मात्र घरच्या शिडीसाठी नकोच. आणि लाकडी शिडीला तैलरंग तर मुळीच लावू नये, कारण त्याखाली चीर लपते.

"मी कालच चढून पाहिली," आतेभाऊ म्हणाला. पण एकदा चढून पाहणे म्हणजे परीक्षा नव्हे. प्रत्येक वजनाबरोबर आतली चीर किंचित वाढत असते. काल तिने पेलले म्हणून उद्या पेलेलच असे नाही.

मला खरी बोचली ती वेगळीच गोष्ट. दुरुस्त केलेली शिडी कुठे तडकली होती, हे दुरुस्त करून आणणाऱ्याला ठाऊक असते. तो जपून पाय टाकतो. पण घरातली शिडी ही सगळ्यांची. उद्या तिच्यावर चढणार ते दुसरेच कोणी, ज्याला तो सांधा माहीत नाही आणि ज्याला 'नको' म्हणता येत नाही. बाईंनी निदान विचारले तरी. न विचारणारे कितीतरी असतात.

मी हे बोललो तेव्हा आतेभाऊ थोडा चिडला. आत्या खुर्चीत बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "तू मला चढू देशील का रे हिच्यावर?"

तो गप्प झाला. मग आत जाऊन लोखंड कापायची करवत घेऊन आला. शिडी तशीच कबाडीला दिली असती तर आणखी कोणाच्या तरी घरी लागली असती, म्हणून आधी तिचे दोन तुकडे केले. माळ्याची सफाई दोन दिवस लांबली, इतकेच.

नवी शिडी आली. बाईंनी तिचे पाय जमिनीवर टेकवून पाहिले, दोन्ही हातांनी ती हलवून पाहिली, खालच्या पायरीवर उभे राहून पाहिले, आणि मगच चढल्या. आतेभाऊ खाली शिडी धरून उभा होता.