पाण्यावरची रेघ

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर म्हातारा रापणकर अजूनही पहाटे येतो. दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती असते. होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक काही अंतरावर काठाला आणून देते. मग दोन्ही बाजूंची माणसे समुद्राकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे सरकत, ते ओढू लागतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे ठरलेले असतात. वाटेने जाता जाता दोराला हात लावणाऱ्याच्याही ओंजळीत काही पडते. हा कायदा कोणी लिहिलेला नाही, आणि बहुधा म्हणूनच तो मोडलेला चटकन दिसतो.

त्याच्या समोर सिंधुदुर्ग किल्ला आहे. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि १९८७ साली शासनाने येथील २९.१२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. शब्द मोठा विलक्षण आहे. समुद्रासाठी निराळे नाव न सुचल्यामुळे त्याला अरण्य म्हटले गेले. अभय माशांना मिळाले, भय मात्र रापणकराच्या वाट्याला आले. आजोबांपासून जेथे जाळे पडत आले तेथेच आपण गुन्हेगार ठरू, ही त्याची धास्ती होती. घोषणेला विरोध झाला तो येथील मच्छीमारांकडूनच. त्यांना समुद्र राखायचा नव्हता, असा निष्कर्ष दुरून पाहणाऱ्याने काढला असेल, तर तो घाईचा होता.

कारण रात्री क्षितिजावर जे दिवे पेटतात, त्यांविषयी आरडाओरडा प्रथम याच माणसांनी केला. प्रखर प्रकाशाकडे मासा ओढला जातो. मग पर्ससीनचे जाळे सगळ्या थव्याभोवती फिरते आणि बटव्याची नाडी ओढावी तसा त्याचा तळ आवळला जातो. बांगड्याचा, तारलीचा जो थवा किनाऱ्याला लागला असता तो वाटेतच संपतो. रापणीला मासा येण्याची वाट पाहावी लागते. पर्ससीन त्याला शोधत जाते. तळ खरवडीत जाणारे ट्रॉलर, काही शेजारच्या राज्यांतले, ही तक्रार त्याहून जुनी.

कायदे नाहीत असे नाही. सागरी मासेमारी नियमनाचा महाराष्ट्राचा अधिनियम १९८१ चा. पर्ससीनवरील निर्बंध २०१६ चे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ ची. २०२१ मध्ये दंड वाढला आणि तहसीलदारापुढे चालणारी प्रकरणे मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आली. २०२५ च्या जानेवारीत किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणीही सुरू झाली. पण अभयारण्य वनखात्याचे, नौका मत्स्यव्यवसाय खात्याच्या, गुन्हा पोलिसांचा. बारा सागरी मैलांपलीकडचे पाणी केंद्राचे. दिव्यांच्या नौकेला ही रेघ नेमकी ठाऊक असते. माशाला ती ठाऊक नसते, आणि म्हाताऱ्याला ती कधी दिसलेली नाही. गस्तीनौका येईपर्यंत दिवे मालवले जातात. संतापलेल्या मच्छीमारांनी प्रसंगी स्वतःच पाठलाग केला, झटापटी झाल्या, आणि गुन्हे त्यांच्यावरही नोंदले गेले. राखणदारालाच चौकीत बसावे लागावे, हे पचवणे सोपे नव्हते.

म्हाताऱ्याचा नियम शासनाच्या नियमाहून कडक आहे. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते; त्याची जुनी रीत मात्र नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याखेरीज दर्यात उतरू देत नाही. हल्ली तेवढी वाट फार थोडे पाहतात, हेही त्याला दिसते. त्यांत त्याच्या नात्यातलीही माणसे आहेत. ज्याने कर्ज काढून यंत्रनौका घेतली त्याला पौर्णिमा परवडत नाही; त्या माणसाला नुसता लोभी म्हणून मोकळे होता येत नाही, आणि म्हातारा तसे म्हणतही नाही.

त्याचा नातू आता पर्यटकांना किल्ल्याजवळ प्रवाळ दाखवायला नेतो. नांगर कोठे टाकू नये हे त्याला आजोबांनी शिकवले. गाभाक्षेत्राचा नकाशा त्याने पुढे पाहिला, तेव्हा आजोबांचे काही खडक त्यात होते, काही नव्हते.

दोर संपत आला की खोला दिसू लागतो. आज त्यात पेडवे आहेत, थोडे बांगडे, बराचसा प्लास्टिकचा कचरा. म्हातारा वाळूत बसून वाटे लावतो. ओढायला आलेली माणसे मासळीपेक्षा अधिक आहेत, असा विनोद कोणी तरी करतो. तो हसतो, एक वाटा मोडून दोन करतो, आणि रिकामे जाळे झटकायला उठतो.