डेट्रॉइटचे मीठ आणि चिरंजीवांची मोटार

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, लोखंड ओतण्याच्या धंद्यात माझी छत्तीस वर्षे गेली. गंजाशी आपली पुरेशी ओळख आहे, असा त्यामुळे माझा समज होता. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेतील मिशिगन राज्यात चार महिने राहून आलो आणि तो समज बराचसा दुरुस्त झाला.

चिरंजीव नोव्हाय या गावी राहतात. हे डेट्रॉइटचे उपनगर. मोटारींचे शहर म्हणून डेट्रॉइट सर्वांना ठाऊक आहे. ते मिठाचेही शहर आहे, हे मला तेथे गेल्यावर कळले. शहराच्या पोटात, सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर, मिठाचा जाड थर पसरलेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. तो आटला आणि मीठ मागे राहिले. १८९५ मध्ये या थराचा शोध लागला, १९१० मध्ये खाणीत उतरण्याची विहीर पूर्ण झाली. आज ही खाण दीड हजार एकरांवर पसरली असून तिच्यातील रस्त्यांची लांबी शंभर मैलांहून अधिक भरते. मोठी यंत्रे वर सुटी करून, एकेक भाग खाली उतरवून, तेथे पुन्हा जोडतात. वर मोटारींचे कारखाने आणि त्याच भूमीखाली मोटारींचा वैरी! हिवाळा आला की तो वैरी वर येतो आणि ट्रकमागच्या फिरत्या चकतीतून रस्त्यावर उधळला जातो.

त्याला वैरी म्हणणे तसे कृतघ्नपणाचे आहे. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, बर्फ सुटतो, रुग्णवाहिका आणि शाळेच्या बसगाड्या चालू राहतात. पारा शून्याखाली दहाच्या आसपास गेला की साध्या मिठाचे बळ सरते. मग त्यात कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार मिसळतात. हे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात, त्यामुळे मोटारीच्या तळाला बसलेला लेप सहसा वाळतच नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढ्यावर गंज चढतोच. पण खारट पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया कैक पटींनी वेग घेते. कोकणात समुद्रकाठच्या खिडक्यांचे गज कसे पोपडे धरतात, ते आपण पाहतोच. येथे प्रत्येक मोटार चार-पाच महिने जणू त्या समुद्रातूनच चालते.

चिरंजीवांची मोटार म्हणजे ४६० अश्वशक्तीची, व्ही-८ इंजिनाची मस्टँग जीटी. लाल रंगाची, दोन वर्षे वापरलेली, पण त्यांच्या जिवाची. अशा गाड्या तेथील बहुतेक शौकीन नोव्हेंबरात झाकून ठेवतात आणि एप्रिलात बाहेर काढतात. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९०९ मध्ये एक मैल काँक्रीट टाकले गेले. अमेरिकेतील पहिला काँक्रीट महामार्ग म्हणून तो मैल ओळखला जातो. त्याच वुडवर्डवर ऑगस्टात जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. त्यांतल्या पन्नास-साठ वर्षांच्या कितीतरी गाड्या आरशासारख्या चमकतात, याचे गुपित एवढेच की त्यांनी हिवाळा फारसा पाहिलेला नसतो.

चिरंजीवांना ही चैन परवडणारी नव्हती. सूनबाई रुग्णालयात औषधनिर्मात्या आहेत, त्यांच्या वेळा आडनिड्या. घरातील दुसरी गाडी त्यांना हवी. दुसरी गाडी म्हणजे नवी घेतलेली. जुनीचे काय झाले, ते मला तेव्हाच कळले, फोनवर कोणी सांगितले नव्हते. आदल्या फेब्रुवारीत सूनबाई पहाटे कामावरून परतत होत्या. सिग्नलपाशी ब्रेक दाबला तो पाय थेट तळाला गेला. चाकांकडे ब्रेकचे तेल नेणारी पोलादी नळी, पेन्सिलीहून बारीक, गंजून फुटली होती. ब्रेकचे मार्ग दोन असतात, म्हणून थोडी पकड उरली. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबली. समोर कोणी नव्हते. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे ती नळी कोणी पाहिलीच नव्हती. वरून गाडीवर साधा ओरखडाही नव्हता.

चिरंजीवांची गाडीची काळजी मला तोवर हौसेचा भाग वाटत होती. तेल मारून घ्यायला ते मला सोबत घेऊन गेले, तेव्हा मी मोटार लिफ्टवर चढलेली खालून पाहिली. बाहेरचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, तो बराच टिकतो. खरी लढाई खाली असते: आधारचौकट, बोल्ट, वेल्डिंगचे सांधे, नळ्या. तेथे सर्वत्र पातळ तेलाचा फवारा मारतात. दारांच्या आणि उंबऱ्यांच्या पोकळीतही नळी घालून तेल सोडतात, मात्र पाणी निचरण्याची भोके मोकळी ठेवतात आणि ब्रेकच्या चकत्यांना तेलाचा स्पर्श होऊ देत नाहीत. रबरासारखा घट्ट थर देण्याची पद्धतही आहे, पण ती मला पटली नाही. त्या थराला चीर गेली की पाणी आत शिरून दडते आणि वरून सारे काळेभोर, ठाकठीक दिसते. ओतकामातही रंगाखाली दडलेला दोषच आम्हाला सर्वांत महागात पडे. तेलातही दोन प्रकार होते, एक मेंढीच्या लोकरीच्या स्निग्धाचा, दुसरा खनिज तेलाचा. सूनबाईंनी आधीच विचारपूस करून दुसरा निवडला होता.

माझ्या हातून एक चूक घडली, तीही सांगतो. जानेवारीत पारा उणे पंधरावर गेला. चिरंजीव संध्याकाळी आले, गाडीखाली मिठाचा चिखल लोंबत होता. बिचारी गाडी थंडीने काकडेल, या भावनेने मी गॅरेजातला हीटर लावून दिला. तासाभराने चिरंजीवांनी येऊन तो बंद केला.

"अण्णा, तुम्ही तिला खाऱ्या पाण्याची अंघोळ घातलीत."

गोठलेला चिखल फारसा काही करीत नाही. तो वितळला, उबदार झाला की खरे काम सुरू होते. छत्तीस वर्षे भट्टीपाशी काढलेल्या माणसाला हे सुचू नये, याचे मला वाईट वाटले.

खरा उपाय म्हणजे धुणे. पारा शून्यावर चढला की सारे गाव गाड्या धुवायला बाहेर पडते. एखाद्या उन्हाच्या दुपारी धुण्याच्या केंद्रापुढे वीस-पंचवीस गाड्यांची रांग लागते आणि लोक काच खाली करून एकमेकांशी बोलतात. हिवाळाभरात मी पाहिलेला तेथील तो एकमेव सण. खालून जोराचे पाणी मारणारे केंद्रच निवडायचे. धुतल्यावर लगेच हँडब्रेक लावून उभे राहायचे नाही, तो गोठतो. मैलभर हळूहळू ब्रेक दाबत जायचे, म्हणजे चकत्या कोरड्या होतात.

चालवण्याची तऱ्हाही वेगळी. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊ लागते, म्हणून हिवाळी टायर. मागच्या चाकांना जोर देणारी गाडी, म्हणून बर्फावर दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची. चिरंजीवांचा पाय इतका हलका मी कधी पाहिला नव्हता. एवढी ताकद बाळगून ती न वापरण्याचेच कसब तेथे लागते.

धुतलेले मीठ जाते कोठे, हा प्रश्न मी रांगेत बसून विचारला. नाल्यात, नाल्यातून नदीत. तासाभराच्या अंतरावर फ्लिंट शहर आहे. २०१४ मध्ये त्या शहराने पिण्यासाठी फ्लिंट नदीचे पाणी घेतले. त्यात क्लोराइड जास्त होते. रस्त्यावरचे मीठ हे त्याचे एक कारण. त्याच वर्षी तेथील जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी बंद केले. गंजरोधक द्रव्य न मिसळलेले तेच पाणी घराघरांत आणखी वर्षभर जात राहिले आणि जुन्या नळांतले शिसे मुलांच्या पोटात गेले. हे ऐकल्यावर रांगेतली ती दुपार मला पूर्वीइतकी सणासारखी वाटेना.

मार्चअखेर, आमच्या परतीच्या आठवड्यात, पाऊस येऊन रस्ते धुऊन गेले. चिरंजीवांनी गाडीची मागची चाके उतारफळ्यांवर चढवली. ते पाठीवर खाली सरकले, मी बॅटरी धरून बसलो. ब्रेकच्या नळ्या टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवून पाहिल्या. तेलाखाली स्वच्छ होत्या. डाव्या मागच्या चाकाजवळ, एका वेल्डिंगच्या सांध्याला, रुपयाएवढा तांबूस डाग होता.

"अण्णा, जरा इकडे उजेड."

मी तारेचा ब्रश त्यांच्या हाती दिला आणि बॅटरी जवळ नेली.