मम, मुकुट आणि तीन चिठ्ठ्या

"मामा, माझी मम कशी आहे?"

शुक्रवारी सकाळी सात वाजता भाचीने हा प्रश्न विचारला. मी अर्धवट झोपेत म्हटलं, "किचनमध्ये आहे, डबा भरतेय." मग डोळे उघडून बघितलं, तर कन्येच्या गळ्यात ताटाएवढं कापडी शेवंतीचं फूल. त्याखाली पार गुडघ्यापर्यंत रिबिनी, मध्ये एक छोटं अस्वल, आणि हललं की वाजणाऱ्या डझनभर घंटा. ताई किचनमधून म्हणाली, "पोळ्याचा बैल बरा गं याच्यापेक्षा!"

तर झालं असं, की गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी तीन महिने डॅलसला होतो. वीकेंडला मुक्काम मावसबहिणीकडे. तिच्या मुलीच्या हायस्कूलचं होमकमिंग होतं आणि टेक्सासात होमकमिंगला 'मम' घालतात. क्रिसॅन्थेममचं लाडकं नाव. पूर्वी खरी शेवंती असायची, आता सगळं कापडी. मुलींनी गळ्यात घालायचं, मुलांनी दंडावर छोटं बांधायचं. शेवटच्या वर्षाला असाल तर पांढरं-चंदेरी, नाहीतर शाळेचे रंग.

प्रॉम आणि होमकमिंग यात माझा कायम घोळ व्हायचा. (अमेरिकन सिनेमे बघून मोठी झालेली आपली पिढी, तुमचाही होत असणार.) प्रॉम वसंतात, वर्ष संपताना. 'प्रोमेनेड'चं ते छोटं रूप. मुख्यतः शेवटच्या दोन वर्षांच्या मुलांसाठी, टक्सिडो, लांब गाऊन वगैरे. होमकमिंग शरद ऋतूत. माजी विद्यार्थी परत येतात, शुक्रवारी रात्री फुटबॉलची मॅच, दुसऱ्या दिवशी डान्स. पहिलं होमकमिंग १९११ साली आम्हीच केलं असं मिसुरी विद्यापीठ सांगतं, तर टेक्सासचं बेलर १९०९चा दाखला काढतं. पुण्यात पहिला सार्वजनिक गणपती कोणाचा, त्यातलाच प्रकार. आणि मॅच म्हणजे किरकोळ नव्हे हं. डॅलसजवळच्या ॲलन गावात २०१२ साली एका हायस्कूलसाठी १८ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं. खर्च ६ कोटी डॉलर!

मॅचच्या मध्यंतरात मैदानावर किंग आणि क्वीनला मुकुट घालतात. मुलांच्याच मतांनी. गोम इथेच आहे.

दोन आठवडे आधी भाची जेवताना गप्प होती. खोदून विचारल्यावर म्हणाली, "आमच्या क्लासमध्ये एक मुलगा आहे. कोणाशीच बोलत नाही. सगळे त्याला किंगसाठी नॉमिनेट करतायत. ॲज अ जोक."

ताई म्हणाली, "तू केलंस का?"

"नाही. पण मी काही बोलले पण नाही."

हा जोक जुना आहे. स्टीफन किंगने १९७४ साली 'कॅरी' लिहिली, १९७६ला सिनेमा आला. वर्गाने छळलेल्या मुलीला प्रॉमची क्वीन करायचं आणि स्टेजवर डोक्यावर डुकराचं रक्त ओतायचं. ती कादंबरी झाली. २०१२ साली मिशिगनमधल्या वेस्ट ब्रँच नावाच्या छोट्या गावात खरंच असं झालं. एका मुलीला थट्टा म्हणून होमकमिंग कोर्टवर निवडून दिलं. तिला ते कळलं, माघार घ्यावी असंही वाटलं. मग गावच उभं राहिलं. दुकानदारांनी ड्रेसपासून हेअरस्टाइलपर्यंत सगळं फुकट केलं, आणि ती मैदानात आली तेव्हा तिच्यासाठी टाळ्या वाजवायला गाव लोटलं होतं.

ही गोष्ट मी भाचीला मोठ्या तोऱ्यात सांगितली. मामा म्हणून भाषण ठोकायची संधी कोण सोडतं! आणि सांगता सांगता घशात काहीतरी अडकलं.

सेकंड इयरचं गॅदरिंग. साडी डे, फिशपाँड आणि 'मिस पर्सनॅलिटी'. बुटाच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकायच्या. आमच्या वर्गात एक मुलगी होती, मराठवाड्यातून आलेली, मराठी मीडियमची. तेल लावून घट्ट वेणी, प्रेझेंटेशनला उभी राहिली की आवाज कापायचा. मागच्या बाकावर ठरलं, हिलाच निवडून द्यायचं. मी तीन चिठ्ठ्या टाकल्या. तीनही वेगवेगळ्या अक्षरात.

ती निवडून आली. स्टेजवर गेली, सॅश घातला आणि सगळ्यांचे आभार मानले. इंग्लिशमध्ये, बहुतेक तिथल्या तिथे जुळवून. आम्ही शिट्ट्या मारल्या. पुढच्या वर्षी गॅदरिंगच्या आठवड्यात ती गावी निघून गेली.

हे पण भाचीला सांगितलं. ती मिनिटभर बघत राहिली आणि म्हणाली, "मग तू सॉरी म्हणालास?"

"...नाही."

"का?"

या प्रश्नाला इंजिनियरिंगच्या कुठल्याच पेपरात उत्तर नाही.

भाचीने दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सरळ जाऊन सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे, मी कालच नाव काढून घेतलं. मध्यंतरात मला वेळ नसतो, मी बँडमध्ये आहे.

शुक्रवारी रात्री आम्ही सगळे स्टेडियममध्ये होतो. कोणाकोणाला मुकुट घातले, टाळ्या झाल्या, आणि मग बँड मैदानात उतरला. भाचीने बोट दाखवलं, "तो, ट्रॉम्बोनवाला." ताईने पर्समधून चकली काढून हातात ठेवली. आजूबाजूला शेकडो घंटा किणकिणत होत्या.

त्याच रात्री मी तिला शोधून मेसेज केला. ती आता पुण्यातच आहे, माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वरच्या पोस्टवर. काही सारवासारव न करता लिहिलं. चिठ्ठ्या, तीन अक्षरं, शिट्ट्या, सगळं. सॉरी म्हटलं.

चार दिवसांनी उत्तर आलं.

"थट्टा होती ते मला नंतर कळलंच होतं. पण दोन-चार मतं तरी खरी असतील असं वाटायचं. असो. सांगितलंस ते बरं केलंस."

बरं केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिच्या त्या दोन-चार मतांतली तीन बहुतेक माझीच होती.