सॅटर्नला कशाने मारले?

जनरल मोटर्सची सॅटर्न ही मोटारगाड्यांची शाखा बंद पडली ती गाड्या सामान्य होत्या म्हणून, हे मत मला अपुरे वाटते. गाड्या सामान्यच होत्या. इंजिनाचा आवाज मोठा, आणि जुन्या झालेल्या कित्येक गाड्या ऑइल पीत. तरीही 1994 साली टेनेसीतल्या स्प्रिंग हिलच्या कारखान्यात सुमारे 40 हजार लोक आपल्या गाड्यांच्या प्रेमापोटी जमले. घासाघीस न करता ठरलेली किंमत, गाडी ताब्यात देताना टाळ्या वाजवणारे शोरूममधले कर्मचारी, शेजारच्या गाडीचे दार आपटले तरी पोचा न पडणारे प्लास्टिकचे दरवाजे. माणसे भाळली ती या वागणुकीवर.

आपुलकीने ताळेबंद जुळत नाही, जनरल मोटर्सने ओतलेले अब्जावधी डॉलर वसूल झाले नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण 1990 साली पहिली गाडी आल्यानंतर जवळपास दहा वर्षे कंपनीने सॅटर्नला मोठी गाडीच दिली नाही. कुटुंब वाढलेल्या निष्ठावान मालकाने जायचे कुठे? पुढे तर कंपनीच्या युरोपातल्या ओपेल या ब्रँडच्याच गाड्यांवर सॅटर्नचे नाव चिकटवले. 2009 मध्ये उद्योजक रॉजर पेन्स्के यांच्या कंपनीला सॅटर्न विकण्याचा ठरत आलेला सौदा फिसकटला, कारण पुढे गाड्या बनवून देणारा कोणी मिळेना. पेन्स्के घेणार होते ते नाव आणि विक्रेत्यांचे जाळे. कारखाना त्यांना नकोच होता.