बंगल्यातली मुलं

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी उभारलेल्या दवाखान्याबद्दल, वाईच्या मिशन दवाखान्याबद्दल आपण कृतज्ञतेने बोलतो. तिथल्या मिशनऱ्यांच्या बंगल्यांत वाढलेली मुलं मात्र माझ्या मनातून हलत नाहीत. सेवेचं व्रत आईबापांनी घेतलं. त्याची किंमत मुलांनीही मोजली, असं मला वाटतं. पूर्वी शाळेच्या वयात अनेकांची रवानगी थेट अमेरिकेला होई. बोटीचा प्रवास आणि मग वर्षानुवर्षं फक्त पत्रं. १९०१ साली कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली, तेव्हा अंतर घटलं, ताटातूट राहिलीच. कपड्याकपड्यावर नाव शिवून भरलेली ट्रंक, आणि दाराशी आया, जिच्या तोंडून मूल मराठी शिकलेलं.

कुणी म्हणेल, पटकी-प्लेगने घरंच्या घरं ओस पडत होती, तिथे बंगल्यातल्या मुलांचं कसलं दुःख? आक्षेप रास्त आहे. त्यांना शाळा होती, नोकरचाकर होते, मायदेशी जायची वाट होती. पण आई हजार मैलांवर असताना सहा-सात वर्षांच्या पोराला त्याचा काय उपयोग? शिवाय मायदेश तरी कुठला? रोझ फेअरबँक बील्स नगरकडच्या मिशनरी घराण्यातल्या. डॉक्टर होऊन त्या इकडे परतल्या आणि वाईच्या दवाखान्यात राबल्या. ही नुसती धर्मनिष्ठा, हे मला पटत नाही. बालपणाच्या मुलखाची ओढही त्यात असणार. जे परतले नाहीत, त्यांच्या मनात कृष्णाकाठ किती उरला, हे मात्र मिशनच्या अहवालांत सापडायचं नाही.