खुशालीचा दर

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. तुळजापूरचा घाट आहे, नळदुर्ग-परांड्याचे किल्ले आहेत, उन्हाळ्यात कोरडी पडणारी तेरणा आहे. पण नकाशावर सरळ रेघ ओढली तरी किनारा तीनशे किलोमीटरांहून दूर. समुद्र म्हणजे भिंतीवरच्या नकाशातला निळा रंग, एवढीच धाराशिवकराची त्याच्याशी ओळख. अशा गावच्या निवृत्त मास्तराने आगबोटीवरच्या इंटरनेटच्या भावाबद्दल लिहायला बसावे, हे वाचकांना नवल वाटेल. पण ज्या घरचे माणूस बाजारात गेलेले असते, त्या घराला बाजारभाव आपोआप पाठ होतात. आमचे तसेच झाले.

आणि समुद्राशी आमचे नाते तसे जुने आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगर नावाच्या नगरीचा उल्लेख येतो. तिथले कापड गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जाई आणि तिथून समुद्रापार. ते तगर म्हणजे आमचे तेर. गोरोबाकाकांचे तेर म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. ज्याने ते कापड विणले, त्याला ते कुठल्या देशी उतरले याची वार्ता कधी कळली असेल का, असा विचार तिथल्या वस्तुसंग्रहालयात हिंडताना पूर्वी माझ्या मनात येई. पुढे 2022 साली त्याच तेरहून माझा पुतण्या गेला आणि या विचारातली मौज संपली.

पुतण्या एका मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी आहे. बोट कसली, तरंगता तालुकाच तो! हजारो प्रवासी, त्यांच्या दिमतीला शेकडो नोकर, नाटकगृह, पोहण्याचे तलाव. तो तळाकडच्या एका खोलीत दुसऱ्या एका मुलाबरोबर राहतो, दिवसाला दहा-अकरा तास कांदे, मासे आणि भट्ट्या यांच्या संगतीत काढतो, आणि सात-आठ महिन्यांनी घरी येतो.

तो गेला त्या वर्षी बोटीवरून बोलणे म्हणजे सोनाराच्या दुकानात जाण्यासारखे होते. बोटीला तार नाही, मनोरा नाही. तिची सारी भिस्त आकाशातल्या उपग्रहावर. जुने उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरांवर. शब्द तिथवर चढायचा, खाली उतरायचा, आणि उत्तराने पुन्हा तोच प्रवास करायचा. यात अर्धा सेकंद जाई. अर्धा सेकंद तो काय! पण तेवढ्यात दोन्हीकडची माणसे एकाच वेळी बोलू लागत आणि एकाच वेळी गप्प होत. "घाटात हाळी दिल्यावानी व्हतंय बघ," असे आई म्हणे. शिवाय ती बारीकशी वाट हजारो माणसांनी वाटून घ्यायची. मग भाव चढणारच. एकेकाळी या बोटींवर मिनिटागणिक आकार पडे. आज पुष्कळ बोटींवर प्रवाशाकडून दिवसाचे वीस डॉलर किंवा त्याहूनही जास्त घेतात. नोकरांचा दर त्याहून कमी. पण तो पगारातूनच जातो. म्हणून बोट बंदराला लागली की ही मुले शहर पाहायला जात नाहीत. ज्या कॉफीच्या दुकानात वायफाय फुकट, त्याच्या पायरीवर रांगेने बसतात. पुतण्याने जगातली पंचवीस बंदरे पाहिली, म्हणजे पंचवीस पायऱ्या पाहिल्या!

समुद्रावरचा शब्द महाग असणे ही काही आजची गोष्ट नव्हे. 1912 साली 'टायटॅनिक'वरून घरी तार करायची तर पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग पडत आणि पुढे प्रत्येक शब्दाला नऊ पेन्स. तरी लोकांनी तारांचा ढीग लावला होता. बोट हिमनगावर आदळली त्या रात्रीही तारवाला प्रवाशांचे निरोप पाठवण्यात गुंतला होता. ते निरोप बहुतेक साधेच असणार: सुखरूप आहोत, अमक्या दिवशी पोहोचू. मनुष्य महागामोलाने जे सांगतो ते बहुधा इतके साधे असते.

आईने या महागाईवर आपला तोडगा काढला होता. नातवाला सांगायच्या गोष्टी आठवल्या की ती पदराला गाठ मारून ठेवी. म्हैस व्यायली, एक गाठ. सोयाबीनला भाव नाही, दुसरी गाठ. शेजारच्या मुलीचे लग्न ठरले, तिसरी. फोन आला की एकेक गाठ सोडीत ती भराभर बोले, आणि शेवटची गाठ सुटताच "ठिवते रं" म्हणून खरोखरच ठेवून देई. नातवाचे पैसे वाचवण्याची इतकी शिस्तशीर रीत मी दुसरी पाहिली नाही.

2023 ची कोजागरी जवळ आली होती. तुळजापूरच्या वाटेवर पायी चालणाऱ्यांची रीघ लागली होती. अशा एका पहाटे आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. आम्ही तिला धाराशिवला दवाखान्यात आणले. त्या वेळी पुतण्याची बोट युरोपातून अमेरिकेकडे निघालेली, पुढचे सहा दिवस बंदर नाही. त्याला कळवावे की नाही, यावर दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही बसलो. भाऊ म्हणाला, "सांगून काय करावं? पोरगं समुद्रात हाय. उडी मारून यावं का त्यानं?" वहिनी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भावजी, तुम्ही लिहा. त्याची आज्जी हाय ती."

मी चार ओळी लिहिल्या. निरोपापुढे एकच खूण उमटली. याचा अर्थ निरोप इथून निघाला, तिथे पोहोचला नाही. पूर्वी गावात तारवाला दिसला की घराघरांत धस्स होई. 2013 च्या जुलैत ती तारही बंद झाली. तारेत निदान सारे एकदाच कळून जाई. ही एकटी खूण मात्र दोन दिवस आमच्याकडे पाहत राहिली.

तिसऱ्या दिवशी पहाटे खुणा दोन झाल्या आणि लगेच फोन वाजला. त्याने त्या आठवड्यातले दुसरे पॅक विकत घेतले होते. वहिनीने फोन आईच्या कानाशी धरला. तो "आज्जी" म्हणाला. आईचे डोळे हलले, ओठ हलले, शब्द आला नाही. आणि मग तोही बोलेना. एक मिनिट गेले, दोन गेली, पाच गेली. वहिनी न राहवून म्हणाली, "आरं, बोल की. पैसे जायलेत."

"जाऊ दे, आई," तो म्हणाला. "आज्जीचा श्वास ऐकू यायलाय."

पॅक संपेपर्यंत तो तसाच ऐकत राहिला.

त्यानंतर पुष्कळ बदलले. सुमारे साडेपाचशे किलोमीटरांवरून फिरणारे नवे उपग्रह आले. 2022 पासून मोठ्या बोटींनी त्यांची यंत्रे बसवायला सुरुवात केली होती, पुढच्या वर्षी पुतण्याच्या बोटीवरही ती आली. घाटातली हाळी बंद झाली. जगभरच्या नाविकांसाठी जो श्रमकरार आहे त्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू आहे. शक्य तेथवर बोटीवर नोकरांना इंटरनेट मिळावे आणि त्याचा आकार घेतलाच तर तो वाजवी असावा, असे तिच्यात म्हटले आहे. 'शक्य' आणि 'वाजवी' हे दोन शब्द मोठे लवचीक असतात, हे मास्तरकीतल्या अनुभवावरून मला ठाऊक आहे. तरीही घरी बोलणे ही चैन नसून गरज आहे, एवढे कुणीतरी कागदावर लिहिले, याचे समाधान वाटते.

आई आता अर्धेमुर्धे शब्द बोलते. नातू आठवड्यातून तीनदा फोन करतो, भट्टीपुढचा घाम पुसत निवांत गप्पा मारतो. आता पैशाची घाई नाही, असे तिला आम्ही कितीदा समजावले. पण सवय जात नाही. उजवा हात चालत नाही म्हणून दुपारी ती वहिनीला खुणेने जवळ बोलावते, पदर पुढे करते, आणि वहिनी तिला गाठ मारून देते.