अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि एक पगार

मध्यमवर्गीय माणसाचा पट्टीशी संबंध फार लहानपणीच येतो. शाळेत मास्तरांची पट्टी हातावर बसते. पुढे स्वतःचे घर झाले की घरपट्टी आणि पाणीपट्टी मानेवर बसतात. आणि लग्न झाले, की वरची पट्टी म्हणजे काय हे कोणत्याही गायनशाळेत पाऊल न टाकता समजते. इतक्या पट्ट्या सांभाळून भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीत सुखाने राहणाऱ्या माणसाच्या संसारात आणखी ८८ पट्ट्या येऊ घातल्या, तर त्याने काय करावे? आमच्या ९ वर्षांच्या कन्येने गेल्या वर्षी जाहीर केले, की तिला पियानो शिकायचा आहे.

जाहीर केले म्हणजे लिहून दिले. आमची कन्या बोलताना अडखळते. अक्षर ओठांपर्यंत येते आणि तिथेच, विरारच्या गाडीत दाराशी अडकलेल्या उतारूसारखे, ना आत ना बाहेर असे उभे राहते. त्यामुळे महत्त्वाच्या मागण्या ती लेखी सादर करते. अर्जावर तारीख होती, सही होती आणि ‘उत्तर आठ दिवसांत द्यावे’ अशी तळटीप होती. आमच्या बँकेचे ग्राहकसुद्धा इतकी आशा ठेवत नाहीत.

अर्ज घरच्या संचालक मंडळापुढे ठेवला. पहिली हरकत आईची.

“अरे, पेटी काय वाईट आहे? आपल्याकडे असलं फिरंगी वाद्य कशाला?”

आता पेटी तरी कुठली आपल्या आळीतली! हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या माणसाने घेतले. तिकडे तो पायाने भाता मारी. इकडे आपण तिला मांडीपुढे बसवली, हाताचा भाता दिला आणि भजनाला लावली. ती इतकी घरची झाली, की फिरंगी म्हणून आणि तिच्यातून मींड निघत नाही म्हणून १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, तेव्हा लोकांना घरच्याच माणसाला हाकलल्यासारखे वाटले. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. हे सगळे मी आईला समजावून सांगितले. आई म्हणाली, “बघ, म्हणजे पेटीने किती सोसलंय!” आणि ठराव पेटीच्या बाजूने आणखी घट्ट झाला.

सौ.ची हरकत जागेची होती. “अहो, पियानो आला तर आपण कुठे राहायचं?”

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. साधा भिंतीला लावायचा उभा पियानो घेतला तरी दोनशे किलोच्या पुढे भरतो. आमच्या लिफ्टला सहा माणसेसुद्धा सोसत नाहीत. पाचवा आत आला की ती कण्हते. शिवाय पियानोच्या पोटात सुमारे २३० तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. इतका ताण मी फक्त मार्चअखेरीस आमच्या शाखाधिकाऱ्यांच्या कपाळावर पाहिला आहे. त्यातून आमचे गाव मिठागरांचे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. आमच्या खिडकीचे गज जिथे पावसाळ्यागणिक पोपडे टाकतात, तिथे त्या तारांनी गंजू नये अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

पण पियानो या शब्दाचा मूळ अर्थ मला समजला आणि माझे मत त्याच्या बाजूने झुकू लागले. १७०० च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्सच्या दरबारी क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने असे वाद्य केले, की पट्टी हळू दाबली तर हळू वाजावे आणि जोरात दाबली तर जोरात. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डला हे जमत नसे. म्हणून याचे नाव पडले पियानोफोर्ते, म्हणजे ‘हळू-जोरात’. गृहस्थाश्रमाचे इतके नेमके वर्णन मी दुसऱ्या कोणत्याही वाद्याच्या नावात पाहिलेले नाही.

वाद्याचा प्रश्न चौकशीअंती सुटला. हल्ली विजेचे पियानो मिळतात. त्यांना तारा नाहीत, त्यामुळे गंज नाही आणि सूर लावायला माणूस बोलवावा लागत नाही. पण इथेही दोन जाती आहेत. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड स्वस्त पडतो. मात्र त्याच्या पट्ट्या बहुधा पिसासारख्या असतात. ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या अशा पुऱ्या ८८ पट्ट्यांचा, खऱ्या पियानोसारखा बोटाला वजन देणारा जो असतो, त्यावर शिकले तर उद्या खऱ्या पियानोपुढे बोटे गोंधळत नाहीत. सुरुवातीला वर्षभर हलक्यावर चालते. पण तोही पट्टी हळू-जोरात दाबल्याचा फरक ओळखणारा हवा, नाहीतर क्रिस्तोफोरीने एवढी खटपट कशासाठी केली?

राहिला क्लास. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडून आम्ही सतरा कागद घेतो. मग स्वतःची मुलगी कोणाच्या हवाली करताना नुसता रंगीत फलक बघायचा? मी एक तक्ता आखला. शिक्षक कोण, एका वेळी मुले किती, तास किती मिनिटांचा, पैसे महिन्याचे की वर्षाचे, मध्येच सोडल्यास परत मिळणार काय, असे बारा रकाने केले आणि दोन रविवार लेकीला घेऊन हिंडलो.

पहिला क्लास मीरा रोडला, वातानुकूलित. काउंटरवरच्या बाईंनी लेकीला नाव विचारले. तिच्या नावाचे पहिले अक्षरच तिला सर्वांत जड जाते. ते ओठांवर येईपर्यंत बाईंनी माझ्याकडे बघून, “सर, बेबीचं नाव?” असे विचारून संगणकावर टाकूनही दिले. एका खोलीत आठ मुले आठ कीबोर्डांवर हेडफोन लावून बसली होती आणि शिक्षक मधून फिरत होते. गटात शिकण्याला माझा विरोध नाही. मुले एकमेकांचे ऐकून ताल धरतात, मजाही येते. पण आठ जणांत चाळीस मिनिटे, म्हणजे माणशी पाच. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास वीस टक्के सूट, सोडल्यास परतावा नाही. मुदत ठेवसुद्धा मोडता येते हो!

दुसऱ्या क्लासच्या भिंतीवर नुसती प्रमाणपत्रे. तिथे लंडनच्या परीक्षा होत्या. एक १८७२ सालच्या ट्रिनिटी कॉलेजची आणि दुसरी १८८९ साली स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाची. आठ ग्रेडच्या पायऱ्या. आपल्या गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या असतात ना, तसाच जिना, फक्त चढायचा बूट घालून. परीक्षा वाईट नाही. स्वरलिपी वाचणे, कानाने ओळखणे, स्केल वाजवणे या सगळ्याला ती शिस्त लावते. पण या क्लासमध्ये वर्षभर परीक्षेचे तीन तुकडे आणि स्केल एवढेच चालते, असे तिथल्याच एका मुलाने सांगितले. मी त्याला विचारले, “चौथं काही वाजवून दाखव.” तो म्हणाला, “पोर्शनमध्ये नाही, अंकल.”

तिसरा क्लास मोबाइलवर. शिक्षक चांगले होते; पण त्यांचा हात आणि आवाज वेगवेगळ्या गाड्यांनी येत. आवाज फास्ट, हात स्लो.

चौथ्याला क्लास म्हणावे की नाही, हाच प्रश्न. भाईंदर पश्चिमेला जुन्या बैठ्या घरात एक वयस्क बाई शिकवतात. बाहेर फलक नाही. वडिलांचे गाव गोव्यात, आई उत्तनकडची. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांतून निघालेले वादक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात ज्या अँथनी गोन्साल्विसचे नाव आहे, ते खरोखरच होते. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि गुरुजींचे नाव त्यांनी गाण्यात घातले. आमच्याकडे गुरुदक्षिणेत फार तर शाल-श्रीफळ मिळते.

बाईंनीही पहिला प्रश्न तोच विचारला, “नाव काय गो बाय तुझं?”

लेक अडखळली. मी सवयीने तोंड उघडले. बाईंनी माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला, वाहतूक पोलिसासारखा. खोलीत घड्याळ वाजत होते. किती वेळ गेला कोण जाणे. काउंटरवर एवढ्या वेळात तीन टोकने झाली असती. शेवटी नाव बाहेर आले, अख्खे आले. बाई म्हणाल्या, “छान नाव आहे. आता हेच या पट्टीवर वाजव. जेवढी अक्षरं, तेवढ्या वेळा.”

मी माझ्या तक्त्याकडे पाहिले. बारा रकान्यांत ‘थांबतात काय’ असा रकाना नव्हता. मी समासात तेरावा आखला.

निघताना मी हळूच विचारले, “टीचर, याने हिचं बोलणं सुधारेल का?”

“ते मी सांगणार नाही. त्यासाठी वाचा-उपचार करणारे असतात, त्यांच्याकडे न्या. इथे घाई नाही, एवढंच सांगते.” मग त्यांनी अटी घातल्या. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, एकटीला. घरी रोज पंधरा मिनिटे, रविवारी दोन तास चालणार नाहीत. परीक्षा तिला वाटेल तेव्हा. आणि आई-बापांपैकी एकाने पहिले तीन महिने बाजूला बसून शिकायचे. जपानच्या सुझुकी मास्तरांचीही अशीच रीत. मूल मातृभाषा ऐकून शिकते तसे संगीत शिकावे, आणि घरच्या माणसाने त्यात सोबत असावे, असे त्यांचे म्हणणे. पैसे महिन्याच्या महिन्याला, पावती मागितल्यास मिळेल.

घरी आल्यावर हिशेब मांडला. फी, वाद्याचा हप्ता आणि पगार यांची तोंडमिळवणी होईना. शेवटी लेकीच्या कॉलेजसाठी काढलेली आवर्ती ठेव निम्म्यावर आणली. सौ. म्हणाली, “पुढचं पुढे.” बँकेत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाच्या घरात हे दोन शब्द म्हणजे बंडखोरीच. पण कॉलेजच्या मुलाखतीला आठ वर्षे आहेत. नाव मात्र तिला रोज सांगावे लागते.

आता रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे वाजतात. लेक मोठ्याने ताल मोजते, एक-दोन-तीन-चार, आणि मोजताना कुठेही अडखळत नाही. वाचा-उपचारवाल्या बाई म्हणतात, तालात बोलताना बऱ्याच जणांचं असं होतं, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. मी काढत नाही. नुसता ऐकतो.

सगळ्यात मोठा पक्षबदल आईचा. लेकीने तिला मधला सी दाखवला. आई बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, ही तर आपली पांढरी एक!” खरेच आहे, पेटीवाले जिला पांढरी एक म्हणतात, तीच ती. तेव्हापासून पियानो ही मोठी पेटी ठरली आहे. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको म्हणून मी हेडफोन आणले होते. दुसऱ्या दिवशी ते जागेवर नव्हते. शोधाशोध केल्यावर आईच्या पानाच्या डब्यात सापडले.

“तिचं तिनेच ऐकायचं, तर आम्ही काय करायचं रे?” आई म्हणाली, आणि तेही वरच्या पट्टीत.